फोडू नये

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमची आमची इमारत पाडली, तेव्हा अप्पा समोरच्या औषधाच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. अम्मा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी पेरुंगुडीजवळच्या एका काँक्रीट प्रयोगशाळेत काम करते. पाडकामाच्या राडारोड्यापासून नवी खडी बनवणं हा माझा विषय. आमच्याच घराची दोन पोती मागितली, तेव्हा अप्पांनी एकच अट घातली.

"सरी, ने. पण त्यातला एक दगड घडवून मज परत दे. नव्या फ्लॅटच्या उंबऱ्यात बसवतो."

पोती त्यांनीच भरून घेतली. स्वयंपाकघरातली लाल फरशी लागलेले तुकडे काठीने दाखवत होते. मजूर वैतागले, मीही.

जुन्या खडीला जुना गिलाबा चिकटलेला असतो. तो पाणी पितो आणि दाबाखाली आधी तोच भुगा होतो. म्हणून सिमेंटच्या पातळ रबड्यात दुधासारखं दिसणारं नॅनो-सिलिका मिसळायचं आणि खडी त्यात घोळवायची. ते बारीक भेगांत शिरून आतून घट्ट धरतं. घोळवल्यावर लाल रंग कुठेच दिसेना, सगळं करडं. त्या खडीचे चार ठोकळे झाले. तीन चाचणीचे, चौथा अप्पांच्या उंबऱ्याचा. चौथ्यावर मी स्वतः मार्करने लिहिलं, 'फोडू नये'.

अठ्ठावीस दिवसांनी पाण्याच्या टाकीतून काढून तिन्ही ठोकळे दाबून फोडणाऱ्या यंत्राखाली ठेवले. दोन ठोकळ्यांचे आकडे छान जुळले, तिसरा फारच खाली आला. खरं तर सगळा संच रद्द करून नवे ठोकळे ओतायला हवे होते. पण खडी संपली होती, अहवाल संध्याकाळी द्यायचा होता आणि मला माझी पद्धत खरी ठरलेली बघायची घाई झाली होती. मी चौथा ठोकळा उचलला. अक्षरं खाली केली आणि बटण दाबलं.

आकडा उत्तम आला. त्या क्षणी मला आनंद झाला, याची मला आजही लाज वाटते.

तुकडे पिशवीत भरून अप्पांकडे नेले. फुटलेल्या कडांवर आता लाल ठिपके दिसत होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"चांगलं झालतं?"

"खूप घट्ट झालं होतं, अप्पा."

"मग फोडलंस कशास?"

घट्ट आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, हे उत्तर मी प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना रोज देते. तिथे मी पिशवीची कड नुसती दुमडत राहिले. अप्पा रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पिशवी पुन्हा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "असू दे की. मोडलेलं घट्ट करणं, हेच तुझं काम नव्हे? हे पण करून आण."

मी हो म्हटलं. ते करायचं तर आधी हे तुकडे आणखी बारीक फोडावे लागतील, एवढं मात्र मला त्यांना सांगता आलं नाही.