लाल उजेडाखालचा खांदा

डॉक्टर म्हणाले, "हात वर करा," आणि मी केला. मला तरी वाटलं की केला. समोरच्या काचेच्या कपाटात पाहिलं तेव्हा कळलं की उजवा हात छातीपर्यंतच आला होता आणि मी सगळं अंग डावीकडे झुकवून तो वर गेल्याचं समाधान करून घेत होते.

मग त्यांनी स्वतः माझा हात उचलून पाहिला. तो तिथेच अडकला. मागे न्यायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "हा फ्रोझन शोल्डर आहे." म्हणजे गोठलेला खांदा. सांध्याभोवती एक आवरण असतं, ते सुजतं, मग आकसतं आणि हाताला धरून ठेवतं. हाड जागच्या जागी असतं, एक्सरेत काही दिसत नाही. माझ्याही एक्सरेत काही दिसलं नव्हतं, म्हणून घरी सगळे म्हणत होते की कापूस वेचून शीर चढली असेल.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधी तपासली होती? मी म्हटलं, कधीच नाही. त्यांनी एचबीए१सी नावाची रक्ततपासणी करायला लावली. मागच्या दोनतीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती, ते त्यातून कळतं. माझी बरीच वाढलेली निघाली. ज्यांना मधुमेह असतो त्यांचा खांदा असा गोठण्याची शक्यता जास्त असते, हे मला त्या दिवशी समजलं. एका खांद्यासाठी यवतमाळला गेले आणि दोन आजार घेऊन एसटीने परत आले.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात आहे. घरची शेती आहे, कापूस आणि तूर. स्वतःचं वेचून झालं की मी गावातल्या बायकांसोबत दुसऱ्यांच्या शेतातही वेचायला जायची. दुखणं दसऱ्याच्या आसपास सुरू झालं. आधी ओटीत कापूस टाकताना कळ यायची, मग पोलक्यात हात घालताना, मग काहीच न करताही. उजव्या कुशीवर झोपता येईना. संक्रांतीपर्यंत मी अंगावर काढलं. आम्हा बायकांना वाटतं, हंगाम उतरला की दुखणंही उतरेल. ते उतरत नाही.

डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या दिल्या आणि खांद्याचे व्यायाम सांगितले. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, पण त्याने शुगर आणखी वाढू शकते, म्हणून आधी शुगर खाली आणू असं म्हणाले. बरं व्हायला वर्ष लागू शकतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

माझ्याकडे वर्ष नव्हतं. माझी मुलगी ममता पहिलटकरीण होती. वैशाखात तिचे दिवस भरत होते आणि ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. मी फोनवर तिला खांद्याचं सांगितलं. तेव्हा ती हळूच म्हणाली की सासूबाई म्हणतात, बाळंतपण इकडेच करू, आईला त्रास कशाला. तिच्या सासूबाई चांगल्या मनाने म्हणत होत्या. पण फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. लेकीचं पहिलं बाळ, आणि त्याला न्हाऊ घालायला आजीचा हात उठत नाही.

त्या दिवसांत माझे केस आमचे हे विंचरून द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं. पुरुष माणूस बायकोची वेणी घालतोय हे कोणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्यांच्या मनात असावं. वेणी दोनदा सुटली. नंतर त्यांचा हात बसला, आणि दार लोटायचंही ते विसरले.

व्यायाम दुखायचे. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, एवढंच. पण दुखलं की मी थांबायची, आणि थांबलं की खांदा आणखी घट्ट व्हायचा. माझा धाकटा दीर गजू हे रोज पाहत होता. गजू घरामागे कोंबड्या पाळतो. एक दिवस तो मोबाइल घेऊन आला. त्यात एक बाई लाल उजेडात पाठ देऊन बसली होती, आणि लाल उजेडाने सांधेदुखी बरी होते असं खाली लिहिलं होतं. गजू म्हणाला, आपल्या घरी तर लाल लाइट आहेच. कोंबडीच्या लहान पिल्लांना ऊब मिळावी म्हणून तो मोठा लाल बल्ब लावतो, तो त्याने सोडून आणला आणि पलंगाच्या दांड्याला बांधला.

खोटं का बोलू, बरं वाटायचं. ऊब मिळाली की खांदा सैल व्हायचा. चार-पाच दिवस असे गेले. मग एका दुपारी बल्बखाली मला झोप लागली. जाग आली ती ममतेच्या बाबांनी आवाज दिल्यावर. खांद्यावर तळहाताएवढी कातडी लाल झाली होती आणि संध्याकाळपर्यंत तिथे फोड आला. शुगरने कातडीची जाणीव थोडी मंदावते, म्हणून चटका बसत असताना मला नीट कळलंच नाही.

जखम भरेना. शुगर असली की जखमा हट्टी होतात. ड्रेसिंगसाठी गावच्या उपकेंद्रात जायचं, तिथल्या सिस्टर पट्टी बदलायच्या आणि दरवेळी अजून ओलं आहे म्हणायच्या. व्यायाम बंद पडला. खांदा पुन्हा होता तिथे गेला. सगळ्यात वाईट दिवस ते. हरभरा निघाला, बायका तो सोंगायला, म्हणजे कापायला, गेल्या, आणि मी ओसरीवर बसून त्यांच्या जाण्यायेण्याचे आवाज ऐकत राहिले.

गजू माझ्यासमोर येईनासा झाला. जेवायला बसला तरी खाली मान. शेवटी मीच त्याला हाक मारली.

तो म्हणाला, "वहिनी, माह्या हातानं झालं हे."

मी म्हटलं, "तू बल्ब मले जाळायले नाही आनला होता गजू, बरं वाटाले आनला होता. आता एक काम कर. मले यवतमाळले घेऊन चाल. खरा लाल लाइट काय असते, ते पाहून येऊ."

डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या केंद्राची चिठ्ठी आधीच दिली होती. लांब पडतं म्हणून मी गेले नव्हते. तिथे लाल लाइटचं यंत्र आहे, हे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी सांगितलं होतं. आता गेलो. तिथल्या मॅडम आमच्याच जिल्ह्यातल्या नेरच्या, शेतकऱ्याच्याच घरच्या. वयाने माझ्या ममतेपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी आधी भाजलेली जागा पाहिली. गजूने स्वतःहून बल्बचं सगळं सांगितलं. मला वाटलं आता त्याला बोलणी बसणार. पण मॅडम म्हणाल्या की असे चटके घेऊन बरेच लोक येतात, आणि त्यांनी आत नेऊन आम्हाला यंत्र दाखवलं.

एका चौकटीत बारीक बारीक लाल दिवे होते. मॅडमनी गजूला हात समोर धरायला सांगितलं. त्याने घाबरत धरला, मग आणखी जवळ नेला. तो गरमच होईना. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला.

मॅडमनी जे समजावलं ते तुमच्याही कामाचं आहे, म्हणून सांगते. या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. म्हणजे ठरावीक जातीचा लाल उजेड ठरावीक वेळ शरीरावर पाडायचा. त्यातला काही उजेड डोळ्यांना दिसतही नाही. तो शेकण्यासाठी नसतो, त्याचं काम उष्णतेवर चालत नाही. पेशींना त्या उजेडामुळे दुरुस्तीचं काम करायला थोडं बळ मिळतं आणि सूज, दुखणं कमी व्हायला मदत होते, असं मानतात. कोंबडीच्या पिल्लांचा बल्ब उष्णता देतो. दोन्ही लाल दिसतात, एवढंच त्यांचं नातं.

मी विचारलं, याने हात उठेल का? मॅडम बोलता बोलता आपल्या बोलीवर आल्या. "काकू, मी तुम्हाले खोटं नाही सांगत. ह्या लाइटनं कोनाले आराम पडते, कोनाले नाही पडत. दुखनं कमी झालं तर तुम्ही व्यायाम करान, अन् हात व्यायामानंच उघडन. शुगर मात्र तुम्हालेच सांभाळा लागन."

मग त्यांनी विचारलं, या हाताने तुम्हाला काय करायचं आहे? आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. मला वाटलं कापूस म्हणावं. पण तोंडातून निघालं, नातवंडाला न्हाऊ घालायचं आहे.

त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. जखम भरेपर्यंत उजेड सुरू करायचा नाही असं ठरवलं, तोवर हात लोंबता ठेवून झुलवण्याचा सोपा व्यायाम दिला. आणि सांगितलं, घरी कापडी पिशवीत बाळाच्या वजनाइतकी ज्वारी भरा, ती पायावर आडवी घ्या, उचला, पालथी करा. जमेल तेवढंच.

होळीनंतर जखम भरली आणि उजेड सुरू झाला. आठवड्यातून दोनदा यवतमाळ. गजू मोटारसायकलवर राळेगावच्या स्टँडवर सोडायचा आणि घ्यायलाही यायचा. डोळ्यांवर काळा चष्मा लावून खुर्चीवर बसायचं, खांदा उघडा करायचा, दिवे लागायचे. काही जाणवायचं नाही. पहिल्या दोनतीन वेळा मी मनात म्हणाले, हे काय, नुसता उजेड. उजेड झाला की लगेच मॅडम हात हातात घेऊन व्यायाम करून घ्यायच्या, तेव्हा मात्र सगळं जाणवायचं.

तिथली बाहेरची खोली मला अजून आठवते. सगळे उन्हातान्हात काम करणारे. खांबावर चढणारा एक वायरमन, रस्त्यावर गिट्टी टाकणाऱ्या दोघी, ट्रॅक्टर चालवून कंबर धरलेला एक माणूस. माझी गट्टी जमली ती शेवंताबाईशी. ती बंजारा तांड्यावरची, माझ्याहून वयाने मोठी, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणारी. गुडघ्यासाठी यायची. उठताना कळ आली की "याडी" म्हणायची. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. तिचा गुडघा पार झिजला होता. उजेडाने तिला फार फरक पडला नाही, आणि मॅडमनी तिला ते स्पष्ट सांगून ऑपरेशनसाठी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. ती म्हणाली, "कायले? मले खरं सांगनारं मानूस भेटलं ना." पुढे तिचं ऑपरेशन झालं. आता ती काठीविना शेजारच्या तांड्यापर्यंत जाते.

माझं दुखणं हळूहळू उतरलं. कधी उतरलं ते नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस सकाळी उठले आणि लक्षात आलं की आपण उजव्या कुशीवर झोपलो होतो. त्यानंतर व्यायामाचं भय गेलं. भिंतीवर आमच्या ह्यांनी कोळशाने खुणा केल्या होत्या, बोटं कुठवर पोचली त्याच्या. खुणा वर सरकू लागल्या. साखरेचा चहा सुटला. तो खांद्याच्या दुखण्यापेक्षा जड गेला, हेही सांगून टाकते. उन्हाळ्यात पुन्हा रक्त तपासलं तेव्हा शुगर बरीच खाली आली होती, आणि इंजेक्शनची गरज उरली नाही.

ममता चैत्र संपताना आली. तिच्या सासूबाईंशी मीच बोलले होते. वैशाखात यवतमाळला तिला मुलगी झाली. घरी आणल्यावर पहिल्या न्हाणाला मी पाटावर पाय लांब करून बसले. माझा हात तेव्हा खांद्याच्या उंचीपर्यंतच जात होता, पण बाळाला न्हाऊ घालायला त्याहून वर न्यावाच लागत नाही, हे मला त्या घडीला कळलं. तिला पालथी करताना मी थांबून पकड बदलली. ममतेने पटकन हात पुढे केला. मी म्हटलं, "राहू दे, मले जमून राह्यलं." बाळ रडलं, मी तिच्या पाठीवरून पाणी ओतलं, आणि ती पोर गप्प झाली. मीच रडत होते.

पोळ्याच्या सुमारास मॅडमनी मला हात वर करायला लावला, मागे न्यायला लावला, मोजपट्टी लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, आता इथं येऊ नका. घरी व्यायाम चालू ठेवा." दवाखान्यात इतकं गोड वाक्य दुसरं नसेल. तरी निघताना पाय जड झाले.

तुमच्यापैकी कोणाचा हात असा अडकला असेल तर एवढंच सांगते. हंगाम सरायची वाट पाहू नका. शुगर तपासा. लाल उजेड घ्यायचा तर जाणत्या माणसाकडे घ्या, घरचा बल्ब बांधू नका. आणि जो तुमच्यासाठी चुकीचा बल्ब आणतो, त्याला दूर करू नका. त्यानेच मला इतक्या वेळा स्टँडवर नेऊन सोडलं.

मॅडमनी आता येऊ नका म्हटलं, त्या दिवशी परतीच्या एसटीला गर्दी होती. बसायला जागा नव्हती. मी वरच्या दांड्याला उजव्या हाताने धरलं. एक बाई सरकून म्हणाली, "मावशी, या इकडं, बसा."

मी नको म्हटलं. राळेगाव येईपर्यंत मी तसाच दांडा धरून उभी होते. उतरेपर्यंत हात भरून आला होता, कामाने भरून येतो तसा.