पोचेला दिलेले उत्तर
निलगिरीच्या तेलाचा वास आला की महामारीच्या काळातले, परदेशातल्या टूनगॅबीचे, निलगिरीच्या झाडांमधले मुलाचे घर आठवते. पत्नी गेल्यावर मुलाने मला तिकडे नेले आणि विमाने बंद झाली. तिचे वर्षश्राद्ध वाईला कृष्णेच्या घाटावर व्हावे, म्हणून मी मायदेशी नेणाऱ्या विशेष विमानात जागा मागणारा ई-मेल वकिलातीच्या कार्यालयास पाठवला होता. माझ्या शेजारी बसून नात युनिव्हर्सिटीच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या आरंभकाळातील एका राजकारणी पुरुषाची खासगी व सरकारी पत्रे मोठ्याने वाचत असे. पत्रांच्या माऱ्याने तो गांजला होता, तरी आधी आलेल्या पत्राची पोच देई आणि मगच विषयाकडे वळे. "आजोबा, सेम ओपनिंग, एव्हरी सिंगल टाइम," ती वैतागे. मला मात्र तो आमच्याच पाठशाळेतला वाटे. कार्यालयाकडून पोच आली, तेव्हा मीही आभार आणि आशीर्वाद कळवले. तत्काळ पुन्हा पोच आली. मी पुन्हा आभार मानले. आठवडाभर हेच चालले. अखेर मुलाने फोन करून चौकशी केली आणि कपाळावर हात मारला. "बाबा, ते मशीन आहे. तुमचं प्रत्येक थँक्यू म्हणजे नवा अर्ज. दर वेळी तुम्ही रांगेत शेवटी." "मग उत्तर देऊ नका, असं लिहायचं त्यांनी." "लिहिलंय, बाबा. प्रत्येक मेलच्या खाली." "ते मला विनयाने लिहिलेलं वाटलं." नात हसली आणि माझा चेहरा पाहून तिने पत्रांचे पुस्तक मिटले. विमानात जागा मिळालीच नाही; वर्षश्राद्ध टूनगॅबीच्या घराच्या मागच्या अंगणातच पार पडले. आज वाईत बँकेची पोच आली की आभार लिहायला हात उचलतो, आणि भिंतीवरील पत्नीच्या तसबिरीकडे पाहून मी तो खाली घेतो.