पाठीला न लागलेली माती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या जोडीदारांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कोणालाही विचारा – पहाटे तालमीत पहिला कोण जातो? माझं नाव घेतील. पाऊस असो, थंडी असो, घरात लग्न असो, हा माणूस चुकायचा नाही. लोक आपल्या पोरांना माझं उदाहरण देतात. मी मान खाली घालतो, आणि त्यांना वाटतं, बघा, एवढा कमावलेला गडी पण किती विनय.

विनय कसला डोंबलाचा. मान खाली जाते ती वेगळ्याच कारणाने.

आमचं घर तेव्हा धुळ्याला, देवपुरात. तालीम पांझरा नदीच्या पलीकडे, गावात. आमचे आबा – म्हणजे वडील – तरुणपणी जत्रांमधून कुस्त्या खेळलेले, आणि त्यांच्या पोटी मी, सतरा वर्षांची नुसती तुरकाठी. थंडी पडली की खोकला, चढ आला की धाप. दसऱ्याला आबा स्वतः नारळ घेऊन मला तालमीत घेऊन गेले. मारुतीपुढे नारळ फुटला, मी वस्तादांच्या पाया पडलो, आबा समाधानाने निघून गेले. लंगोट आबांचाच, जुना, माझ्या मापाला दुप्पट. नीट बांधायचा कसा हे विचारायची लाज वाटली – आणि बैठका मारता मारता तो सुटला. सगळ्यांसमोर.

पुढचं काय सांगू? तालीम हसली. वस्ताद पोरांवर ओरडले, पण त्यांच्याही मिशीत हसू होतं, मी पाहिलं. संध्याकाळी बाजारात त्यातला एक भेटला, त्याने लांबूनच कमरेला गाठ मारल्याची खूण केली. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीच्या दारापर्यंत गेलो. दार बुटकं, वाकून आत जावं लागायचं. आतून शड्डूंचे आवाज येत होते. पाय उचलेना. तुम्हाला कधी असं झालंय का – की नुसता एक उंबरा, आणि तो ओलांडला तर आपण मरू असं वाटतं? हसण्यासारखं आहे, मलाही आज हसू येतं. तेव्हा घाम फुटला होता. मी मागे वळलो आणि पांझरेच्या पात्रात पुलाखाली जाऊन बसलो, उजाडेपर्यंत.

पण तसंच घरी कसं जायचं? आमच्याकडची माती काळी. तालमीतली तांबडी, लांबून आणलेली, तिच्यात तेल, हळद, ताक कालवलेलं. तिचा वास दुसऱ्या कशाला येत नाही. बाहेर पडताना पोरं अंग झटकायची, त्यामुळे पायरीवर ती माती पडलेली असायची. सगळे गेल्यावर मी मूठभर उचलली आणि पुलाखाली अंगाला चोळली. मानेला, दंडांना, छातीला, गुडघ्यांना. कानातसुद्धा थोडी घातली. बघा, अक्कल कशी कुठेही चालते.

घरी अक्का होती. माझी थोरली बहीण, सावद्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. माझ्याहून बरीच मोठी. मला न्हाऊ घालणारी, शाळेत सोडणारी तीच. न्हाणीत तिने माझ्या पाठीवर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. मग ओट्यावर बसलेल्या आबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, यानी पाठले माती नै लागनी."

कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागते तो हरतो. माझी पाठ कोरी होती, म्हणजे कोणी मला चीत केलं नव्हतं – असा त्यांचा हिशेब. खरं एवढंच होतं की माझा हात तिथवर पोहोचत नव्हता.

बोलायला हवं होतं का तेव्हाच? हवं होतं. पण आबांचा चेहरा असा उजळला की – नाही, आबांवर कशाला ढकलू. मला गोड वाटलं. मी हसलो. आबांनी विचारलं, वस्तादांनी खुराक काय सांगितला? आणि मी बेधडक म्हणालो, रोज तांब्याभर दूध. कोणीही तसं सांगितलं नव्हतं. खोटं बोलायचंच तर ते भक्कम हवं, एवढाच विचार.

आता हे नीट ऐका, कारण सगळं याच्यावर आहे. आमची म्हैस एकच. तिचं दूध गल्लीत रतिबाला जायचं, त्यावर घर चालायचं. मागे राहायचं ते तांब्याभरच, आणि ते अक्कासाठी ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिने तो तांब्या स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवला. "पी ले भाऊ, तुले जोर मारना शेतस." तिने कोरा चहा सुरू केला. आईने तोंड उघडलं तर म्हणायची, मला दुधाची शिसारी येते, दिवसच तसे आहेत. खोटं तीही बोलत होती. पण कोणासाठी?

मी रोज पुलाखाली बसत राहिलो. रोज माती, रोज तांब्या. अक्काने ही कोरी पाठ गल्लीभर करून टाकली. बायका मला थांबवून बघायच्या. आणि तालमीतलं कोणी आबांना भेटलं तर? या भीतीने मी आबांसोबत पुलापलीकडे जायचंच टाळलं.

संक्रांत झाली आणि अक्का बाळंत झाली. मुलगी. शकू. एवढीशी, आणि रडायची तीसुद्धा दमून दमून. एक सकाळ – तुम्हाला सांगायचं आहे ते खरं तर हेच, बाकी सगळी प्रस्तावना – एक सकाळ सुईण आईला म्हणाली, हिला दूध उतरत नाही, उतरणार कुठून, हिच्या पोटात दुधाचा थेंब जातोय का? खीर द्या, दूध द्या. मी तिथेच बसलेलो, अंगाला माती, पुढ्यात तांब्या. आईने तांब्याकडे पाहिलं.  आतल्या खोलीतून अक्काचा आवाज आला. "त्यानं दूध कमी करू नका. त्यानी पाठले आजून माती नै लागनी."

मी काय केलं? वाटलं असेल तुम्हाला, रडलो, पाय धरले, सगळं ओकून टाकलं. नाही. तांब्या उचलला आणि प्यालो. शकू आत रडत होती. मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तालमीत शिरलो. पश्चात्तापाने, असं म्हटलं तर छान दिसेल. पण मला पकडलं जाण्याची धास्ती होती, दुसरं काही नाही. कबूल व्हायचं नसेल तर खोटं खरं करून दाखवणं, एवढा एकच रस्ता उरला होता. मी सगळ्यांच्या आधी गेलो, म्हणजे वाकून आत शिरताना बघायला कोणी नको. आत वस्ताद एकटेच, मारुतीपुढे दिवा लावत होते. त्यांनी मान वळवली, आलास का एवढंच विचारलं. "उना का? फावडं घे."

तालमीत रोज पहाटे कुस्तीचा हौद खणून माती भुसभुशीत करतात. नव्या पोराचं काम. मी खणायला लागलो. खणता खणता बाकीचे आले, आणि मी आधीच आत होतो, घामेजलेला, त्यांच्यासारखाच. हसणारे हसले. गाठीची खूण करणाऱ्याने पुन्हा खूण केली. पण हसून किती वेळ हसतील? ज्याचे त्याला जोर काढायचे होते. थोड्या वेळाने माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. मी अख्खा हिवाळा ज्या नजरांना घाबरून पुलाखाली काढला, त्या नजरा एवढ्याच वेळाच्या होत्या.

नंतर मांड्या अशा धरल्या की पूल चढताना कठड्याला धरून चालत होतो. पण गेलो. रोज स्वतःला एवढंच सांगायचो – आज फक्त उंबरा ओलांड, बाकी आत गेल्यावर बघू. अंग दुखलं, गेलो. ताप उतरला तशी माती खणायला गेलो. वस्तादांनीच एकदा लंगोट कसा आवळायचा ते दाखवलं, एक अक्षर न बोलता. भीती गेली म्हणता? नाही गेली. मला तिच्यासकट जायची सवय झाली. आणि मग एका सकाळी खरी लढत लागली, आणि मला दाणकन आपटलं. काय आनंद झाला सांगू. पाठभर माती घेऊन मी पळत घरी आलो.

अक्काने पाठीवर पाणी ओतलं आणि तिचा चेहरा पडला. "असू दे भाऊ," म्हणाली. "होस असं." त्या दिवशी तिने माझ्या भाकरीवर तिच्या वाटणीचं तूपही घातलं. हरलेल्याला बळ हवं ना.

तेव्हा तरी तांब्या परत करायचा. केला नाही. उलट मनात आलं – आता तर आपण खरंच जोर मारतो, आता हे दूध हक्काचं. शपथेवर सांगतो, अगदी हाच विचार केला. शिमगा झाल्यावर अक्का सावद्याला गेली. तिच्या कडेवर शकू, हलकी, पिशवी उचलावी इतकी हलकी. आणि मी बैलगाडीत तिची ट्रंक एका हाताने चढवली. सगळे म्हणाले, बघा, दंड कसे भरलेत.

पुढे नोकरीला जळगावला आलो, पिंप्राळ्यात बिऱ्हाड केलं, तिथली तालीम धरली. यंदा जूनमध्ये शकू आमच्याकडे राहायला आली, हायस्कुलासाठी. अजून किडकिडीतच आहे. तिला खो-खो खेळायचंय, पण मैदानाच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. बायकोला म्हणाली, पोटात दुखतं. ते पोटात दुखणं मी बरोबर ओळखलं. दुसऱ्या दिवसापासून पोरी यायच्या आधी तिला मैदानावर घेऊन गेलो. रडली, चिडली, मी ऐकलं नाही. आता एकटी जाते. जोरही काढते.

दिवाळीत तिला घेऊन सावद्याला गेलो. अक्काने नेहमीप्रमाणे दुधाचा तांब्या पहिल्यांदा माझ्यापुढे ठेवला. मी तो शकूपुढे सरकवला. अक्का हसायला लागली. "तिले कोठे जोर मारना शेतस?"

"मारस ना," मी म्हणालो. "रोज मारस."

शकू प्यायला लागली. अक्का तिला सांगत होती, तुझा मामा नवा नवा तालमीत जायचा ना, अख्खा हिवाळा त्याच्या पाठीला माती लागली नव्हती. शकू तांब्याच्या कडेवरून माझ्याकडे बघत होती. अक्का समोर, शकू समोर, याहून चांगली वेळ कुठली येणार होती? मी उठून अंगणात गेलो.

आता तालमीतून येऊन लिहायला बसलोय. पाठ मातीने माखली आहे. त्या हिवाळ्यात ती कोरी होती, कारण माझा हात तिथवर पोहोचत नव्हता. दूध मात्र मी रोज प्यालो.