नेसरीच्या दहा दुपारी

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झोपेची बाजू घेऊन उभा राहणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे. ज्या भागात पहाटे चारला उठून हजार बैठका मारणाऱ्याला माणूस म्हणतात आणि पाचला उठणाऱ्याला आळशी, तिथे या गृहस्थानं वर्षानुवर्षं 'जरा पडा, विश्रांती घ्या' असं सांगत फिरावं, याला धाडस म्हणायचं की वेड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पेशानं तो क्रीडा-शरीरशास्त्रज्ञ आहे. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या सासुरवाडीत कुणालाच नीट कळलेलं नाही. खेळाडूनं किती पळावं, कधी थांबावं, काय खावं-प्यावं, दमल्यावर त्याचं रक्त काय सांगतं आणि काळीज काय सांगतं, हे मोजायचं आणि त्याला समजावून द्यायचं, हा त्याचा उद्योग. आमचे सासरे मात्र पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणतात, "हे धाकटे जावई. डॉक्टर आहेत, पण औषध देत नाहीत." पाहुणे जरा सहानुभूतीनं बघतात आणि साडू गोड हसतो. तो रागावल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. रागावलं की नाडी उगाच वाढते, असं त्याचं म्हणणं आहे.

त्याच्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं, कारण तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतच नाही. तो खांद्यांकडे बघतो, छातीकडे बघतो, आणि बोलता बोलता त्याचे श्वास मोजत असतो. पेठ वडगावला एका लग्नात वरातीच्या गोंगाटात हा अर्धा तास ट्रम्पेटवाल्याच्या समोर हात बांधून उभा. नवरीच्या मामांना वाटलं, पाहुण्यांचा मानपान राहिला आणि ते रुसून तिथं जाऊन उभे राहिलेत. ते बिचारे नारळ आणि टॉवेल घेऊन आले. साडूनं तो टॉवेल खांद्यावर घेतला आणि मला हळूच म्हणाला, "दाजी, हा माणूस पोटातून श्वास घेतो. आमच्या पोहणाऱ्या पोरांना एवढं शिकवायला मला सहा महिने लागतात." याच सवयीपायी त्याचं गाडी चालवणं बंद झालं. रंकाळ्यावर सकाळी पळणाऱ्या लोकांच्या पावलांकडे बघता बघता त्यानं एकदा स्कूटर मक्याच्या कणसांच्या गाड्यावर घातली. तेव्हापासून त्याला कुठंही जायचं असलं की मी गाडी काढतो. मी शाळामास्तर. मला सुट्ट्या फार आणि नाही म्हणायची हिंमत थोडी.

त्याच्या घरच्या न्हाणीघरात फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत आठ रंगांच्या पट्ट्यांचा एक कागद चिकटवलेला आहे. अंगात पाणी पुरेसं आहे की कमी, हे खेळाडूनं लघवीच्या रंगावरून ओळखायचं, त्यासाठी तो तक्ता. माझे मलकापूरचे काका एकदा त्याच्याकडे मुक्कामाला होते. ते न्हाणीघरातून बाहेर आले आणि चहाचा कप हातात घेत गंभीरपणे म्हणाले, "तिसरा रंग बरा वाटतोय. पर बाहेरच्या खोलीला जरा फिकाच द्या." साडूनं त्यांना काही समजावलं नाही. उलट, काकांना तिसरा रंग आवडला म्हणजे ते पाणी कमी पितात का, याचा तो विचार करत बसला.

कॉलेजच्या मागच्या अंगाला त्याची प्रयोगशाळा आहे. खोली एकच, त्यात एक पळायचा पट्टा, एक तोंडावर लावायचा मुखवटा आणि कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायची सुई. समोरच्याला मैदानात उचलून आपटणारे पैलवान त्या सुईपुढं घामाघूम होताना मी पाहिले आहेत. एकदा त्यांचे वस्ताद, म्हणजे तालमीतले गुरू, जाब विचारायला आले. "सर, पोराला घाम आला पायजे, आन तुम्ही झोप म्हणताय." साडू म्हणाला, "वस्ताद, बैठका मारल्यानं ताकद येत नाही, बैठकांनी शरीराची मोडतोड होते. ताकद येते ती नंतर. झोपेत शरीर डागडुजी करतं आणि आधीपेक्षा थोडं जास्त पक्कं बांधतं. झोपच दिली नाही तर नुसती मोडतोडच शिल्लक राहते." वस्तादांनी मिशीवरून हात फिरवत विचार केला. "मंग आमची म्हातारी लई ताकदवान असाया पायजे," ते म्हणाले. पण पुढच्या आठवड्यापासून त्यांनी पोरांच्या मेहनतीला रविवारी सुट्टी दिली, आणि ही सुट्टी आपल्याच डोक्यातून निघाली असं ते सगळ्यांना सांगतात.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे, पण प्रणालीचं सांगायचं झालं की माझा आवाज जरा उतरतो. प्रणाली नेसरीची. लांब पल्ल्याची धावपटू, कॉलेजात शिकणारी, घर शेतकऱ्याचं, दारात तीन म्हशी. दोन वर्षं ती महिन्यातून दोनदा एसटीनं कोल्हापूरला साडूकडे येत होती. राज्याची निवड चाचणी जवळ आली होती. पाच हजार मीटरमध्ये पहिल्या तिघींना परराज्यातल्या मोठ्या शिबिरात राहून सराव करायला मिळणार होतं. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा झालं तर झालं. न्हाय तर पळणं बंद, पुढच्या साली लगीन." आणि नेमक्या त्याच वेळी पोरीचा वेग पडायला लागला. रोज सकाळी डोळे उघडले की अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजून ती साडूला फोनवर कळवायची. तो आकडा बावन्नच्या आसपास असायचा, तो चढत चढत चौसष्टवर गेला. साडूनं कपाळाला हात लावला. पोर थकली आहे, तिच्याकडून जास्त करून घेतलं जातं आहे, हे त्याला दिसत होतं. त्यानं तिचा सराव जवळजवळ थांबवला. सकाळी वीस मिनिटं हलकं पळायचं, बाकी नुसती विश्रांती. चार दिवस झाले तरी आकडा चौसष्टच. चाचणीला पंधरा दिवस राहिले होते. दिवाळी नुकतीच झालेली, शाळेला सुट्टी, त्यामुळे गाडी अर्थातच मी काढली.

संध्याकाळी आम्ही नेसरीत पोचलो, तिथेच मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून साडू हातात वही घेऊन त्या पोरीच्या मागं मागं हिंडला. ती उठली ती थेट गोठ्यात गेली. शेणाच्या पाट्या डोक्यावरून उकिरड्यावर नेल्या, तिन्ही म्हशींची धार काढली, दुधाची किटली घेऊन डेअरीत जाऊन आली. मग ती वीस मिनिटं पळाली. पळून आली ती शेताकडे गेली, वैरण कापली आणि स्वतःएवढा भारा डोक्यावर घेऊन परतली. मग पाणी, मग भाकऱ्या. तिच्या आईचं नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेलं होतं, तिला जड उचलायला मनाई होती, त्यामुळे तिच्या वाटचं कामही पोरीवरच आलेलं. दहा वाजेपर्यंत साडूच्या वहीचं पान भरलं. तो म्हणाला, "प्रणाली, हे रोजचं?"

"रोजचंच की सर. सांजचं पुन्यांदा."

"मग मला दोन वर्षांत कधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इचारलंच न्हाय. तुमच्या कागदावर 'व्यायाम' म्हणून लिवलेलं. ह्यो काय व्यायाम हाय व्हय?"

साडू गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला. दोन वर्षं त्यानं तिच्या रक्ताचा थेंब न् थेंब मोजला होता, श्वास मोजले होते, पावलं मोजली होती, आणि या सगळ्याला त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. "चूक माझी आहे," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मग तो उठून तिच्या वडिलांकडे गेला आणि म्हणाला, हिला दहा दिवस यातलं काहीही करू देऊ नका. वडील बैलगाडीची जुनी दोरी वळत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "घरातलं काम पोरीनं न्हाय करायचं तर कुणी करायचं, सर?"

"आम्ही करू," साडू म्हणाला.

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

त्याच दुपारी मी बायकोला फोन केला, तेव्हा ती आधी खूप वेळ हसली आणि मग म्हणाली, "तुम्ही स्वतःचा कप तरी कधी उचललाय का?" पुढचे दहा दिवस मी वैरण कापली. साडू शेण काढायचा, आणि काढता काढता स्वतःची नाडी मोजून वहीत लिहायचा. शेणाच्या दहा पाट्या म्हणजे किती मिनिटांचं पळणं, याचा हिशेब त्यानं पहिल्यांदा तिथं मांडला. धारेपुढं मात्र आम्ही हरलो. साडू जवळ गेला की म्हैस दूध चढवायची, थेंब खाली सोडायची नाही आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहायची. दोन दिवस वडिलांनी आमची फजिती बघितली आणि तिसऱ्या दिवशी बादली आमच्या हातातून घेऊन ते स्वतः बसले. धार काढणारा हात मुळात त्यांचाच होता. पोरगी हाताशी आल्यापासून त्यांनी तो थांबवला होता, एवढंच.

अवघड गेलं ते पोरीला झोपवणं. घराच्या पुढच्या सोप्यात सतरंजी टाकून ती पडायची आणि भांडं वाजलं की उठून बसायची. "सर, पाप केल्यागत वाटतंय," ती म्हणाली. मग साडू दुपारभर दारात स्टूल टाकून बसू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून हळू बोलायला सांगू लागला. आता आमच्या भागातल्या माणसाचं कुजबुजणं म्हणजे दुसरीकडचं भांडण. लोक गल्लीच्या तोंडापासून विचारत यायचे, "पावणं, झोपली का वो पोरगी?" पण पोरीच्या निवडीचं सगळ्यांना ठाऊक होतं. हळूहळू गल्ली मऊ झाली. शेजारच्या अक्कांनी धुण्याची वेळ बदलली. भोंगा लावून भाजी विकायला येणाऱ्या टेम्पोला पोरांनी वेशीवरच भोंगा बंद करायला लावला. चौथ्या दुपारी ती झोपली. मी वैरणीचा भारा टाकून आलो आणि तिथंच भिंतीला टेकलो. ऊन अंगणात पिवळं पडलं होतं, म्हशी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होत्या, पिंपळाची पानं हलत होती आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता. आई लेकीच्या उशाशी बसून तिच्याकडे बघत होती. एवढं शांत गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढंही कधी पाहिलं नाही. आम्ही सगळे त्या झोपेच्या काठावर बसलो होतो आणि कुणालाही कुठं जायचं नव्हतं. अडीच तासांनी पोर उठली, अंगणाकडे बघत राहिली आणि आईला म्हणाली, "दुपार अशी असती व्हय?"  आईनं पदरानं डोळे पुसले. सातव्या सकाळी आकडा सत्तावन्नवर आला आणि दहाव्या सकाळी त्रेपन्नवर.

चाचणीच्या दिवशी मी घड्याळाकडे बघत होतो, वडील शर्यत संपायच्या रेषेकडे बघत होते आणि साडू फक्त तिच्या खांद्यांकडे. शेवटच्या फेरीला ती पाचवी होती.  "सैल आहेत," साडू पुटपुटला, "खांदे सैल आहेत, तिच्यात अजून आहे." वळणावर तिनं एकीला मागं टाकलं आणि अगदी शेवटच्या काही पावलांत दुसरीला. तिसरी आली. वडिलांनी खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आता म्हशींचं कुणी बघायचं?" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं, "बघतो मी. जाऊ दे तिला."

ती गेली. तिथं तिच्यासाठी मोठमोठी यंत्रं आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, साडूसारखी पाचसहा माणसं आहेत. आता सकाळचा आकडा तिकडेच कळवायचा असतो, त्यामुळे साडूचा फोन उजाडताना वाजत नाही. त्याला ते जाणवतं. तो सकाळी उठून फोन हातात घेऊन थोडा वेळ बसतो, असं मेव्हणी सांगते. मध्यंतरी एका दुपारी तो माझ्याकडे आला असताना तिथल्या शास्त्रज्ञाचा फोन आला. पोरीच्या जुन्या नोंदी ते वाचत होते. चाचणीआधीच्या दहा दिवसांत तिच्यात एवढी सुधारणा कशी झाली, नेमकी कोणती पद्धत वापरली, असं ते विचारत होते, कारण त्या दहा दिवसांच्या पानांवर सकाळचे आकडे सोडले तर काहीच लिहिलेलं नव्हतं. साडूला मोठे मोठे शब्द येतात. त्यातले दोनचार टाकून त्याला सुटता आलं असतं. तो म्हणाला, "त्या दहा दिवसांत तिचं काम दुसऱ्यांनी केलं." पलीकडचा माणूस पुढं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबला असावा. साडूनं नमस्कार म्हणून फोन ठेवला.

मी आयुष्यात कधी कुठली शर्यत पळालेलो नाही. पळणाऱ्याकडे बघूनसुद्धा मला दम लागतो. तीस वर्षं खडू झिजवला, हाताखालून गेलेल्यांतली किती मुलं मला ओळखतात कोण जाणे. हल्ली कधी शाळेतून येऊन दुपारी आडवा झालो की ती पोर लांब कुठंतरी पळत असेल असं मनात येतं, आणि खरं सांगायचं तर ऊर भरून येतो. कारण साडूनं फोनवर ज्यांचं नाव घेतलं नाही, त्या दुसऱ्यांत मी होतो.