कदाचितबाई आणि मधली रेघ

आमच्या फेरीबोटीच्या कचेरीत त्यांना सगळे कदाचितबाई म्हणायचे, तेही तोंडावर, कारण प्रत्येक अंदाजाला त्या 'कदाचित' जोडायच्या. बोट सोडायची की थांबवायची हे ठरवणाऱ्यांना वाऱ्याच्या अंदाजाचे आलेख वाचायला शिकवणं, हे त्यांचं काम. आलेखावर पुढे पुढे रुंदावत जाणारा निळा पट्टा असे. वारा त्या पट्ट्यात कुठेही असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. मधोमध एक ठळक रेघ. आम्ही अर्थातच रेघ बघायचो. कप्तान तर पट्टा रुंदावतोय म्हणजे वादळ मोठं होतंय, असं छातीठोकपणे सांगायचे.

एके दिवशी बाईंनी मधली रेघच पुसून टाकली.

"आता बघायचं काय?" कप्तान कुरकुरले.

"पट्ट्याची वरची कड बघा. वारा तिथवर गेला तर झेपेल का? झेपणार असेल तरच सोडा."

डोकं खाल्लं त्यांनी आमचं. पण कड बघायची सवय लागली, हे खरं.

मग बाईंचे वडील आजारी पडले. धाकटी बहीण परदेशात, तिला वर्षातून एकदाच सुट्टी, ती उन्हाळ्यात घ्यायचं ठरलेलं. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांचा कागद दाखवला. वडिलांच्या हाती किती काळ आहे, याचा तसाच पट्टा आणि मधोमध रेघ.

"रेघ उन्हाळ्याच्या पुढे आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या. "धाकटीला आत्ताच कशाला घाबरवायचं?"

कप्तानांनी रेघेवर अंगठा ठेवला. "बाई, अलीकडची कड बघा. झेपेल?"

कड याच महिन्यात होती. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच बहिणीला फोन लावला.

धाकटी आली, सगळी सुट्टी वडिलांच्या उशाशी बसली आणि परत गेली. उन्हाळा आला तरी वडील खुर्चीत बसून पेपर वाचतायत. कप्तान मात्र ओशाळले. "माझ्यामुळे तिची सुट्टी वाया गेली."

"बोट थांबवली आणि वादळ आलंच नाही, तर थांबवणं चुकलं का?" बाईंनी तिथेही शिकवणी घेतली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. वडिलांनी विचारलं, "धाकटी परत कधी येतेय?"

"पुढच्या वर्षी, बाबा. कदाचित."

म्हातारा हसला. "मग मीही असेन. कदाचित."