चौकोनांचा नवरदेव

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी श्रीरामपूरच्या माझ्या मावसभावाने आपला लग्नाचा बायोडेटा काष्टीच्या एका घरी मोबाईलवरून पाठवला. त्यावर फोटोच्या जागी त्याने स्वतः काढलेलं स्वतःचं चित्र होतं. चित्र पिक्सेलचं, म्हणजे जुन्या व्हिडिओ गेममधल्या माणसांसारखं, बारीक रंगीत चौकोन शेजारी शेजारी भरून केलेलं. स्वतःचं लग्न मोडण्यासाठी एवढे कष्ट घेणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. वय पस्तीस, बाजारात स्वतःचं दुकान, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचा चालता धंदा, व्यसन नाही. नकार द्यायला निमित्त म्हणून काही नव्हतं. ती उणीव त्याने चित्राने भरून काढली.

चित्र वाईट होतं, याची नोंद करणं भाग आहे. सावली म्हणजे चेहऱ्याच्या कडेकडेने गडद रंग आणि मधोमध फिका, अशी त्याची ठाम समजूत होती. त्यामुळे चेहरा कडेला करपलेल्या, मधे फुगलेल्या भाकरीसारखा दिसत होता. तपकिरी रंगाच्या छटा त्याने इतक्या वापरल्या होत्या की गाल कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते हे त्यालाच विचारावं लागायचं. केसांची गोष्ट वेगळी. त्याचे केस पुढून निम्म्या डोक्यापर्यंत गेले आहेत. जे उरले त्यातल्या कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक केसाला त्याने स्वतंत्र ओळ दिली होती. परिणामी डोक्यावर ऊस तुटून गेल्यानंतरचं पाचट पसरल्यासारखं झालं होतं. त्याने ते मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी विचारलं, "हे कोण?"

"मी."

"आजारी होतास का?"

"दादा, तुला कलेतलं कळत न्हाई," असं म्हणून त्याने एका केसाचा चौकोन एका घराने सरकवला आणि मला फरक दिसला का, ते विचारलं. मला दिसला नाही.

हे काम तो दुकानातच करतो. एका बाजूला मोटारी उघड्या पडलेल्या, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. एकदा माझ्यासमोर एक शेतकरी मेटाकुटीला आला होता. "अरे बाबा, कांदा वाळून चाललाय, मोटार दे की," तो म्हणत होता. यावर माझा भाऊ म्हणाला, "देतो, कानामागची सावली तेवढी राहिलीय." शेतकऱ्याने वाकून पडद्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ह्याला कुनाला दाखवलं का?" मोटार संध्याकाळी मिळाली. ती मात्र उत्तम भरलेली होती. त्याच्या हातची मोटार परत येत नाही, हेही सांगायला हवं.

लोकांच्या डोक्यांकडे टक लावून बघणं ही त्याची दुसरी सवय. एसटीत तो मुद्दाम मागच्या बाकावर बसतो. प्रवरेच्या घाटावर एका नातेवाइकाचा दशक्रिया विधी होता. प्रवचन चालू होतं, सुतकातले पुरुष डोकी तुळतुळीत करून ओळीने बसले होते. हा उठला, मृताच्या थोरल्या मुलाजवळ गेला आणि म्हणाला, "जरा उन्हाकडं तोंड करता का? चकाकी कुठं पडती ते बघायचंय." त्या माणसाने दुःखाच्या भरात तोंड केलंही. माझी मावशी, म्हणजे याची आई, त्या घरच्या पुढच्या दोन कार्यांना गेली नाही.

असा हा माणूस, आणि तरी काष्टीच्या लोकांनी आम्हाला मुलगी बघायला बोलावलं. कारण तिथे गेल्यावर समजलं. पोहे पुढे करत मुलीचे चुलते म्हणाले, "पाव्हणं, तुमचा फोटू काय आमच्याकडं उघडला न्हाई बघा. नुसतं चौकोन चौकोन. रेंजच नसती हितं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी पोहे खात राहिलो. तोही खात राहिला असता तर विषय संपला असता.

"उघडलाय की," तो म्हणाला. "तो तसाच हाय." आणि पिशवीतून लॅपटॉप काढून त्याने पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारल्या.

चुलत्यांनी चष्मा लावला. चित्र पाहिलं, त्याला पाहिलं, परत चित्र पाहिलं. "हे तुमी हाय?"

"व्हय."

"मग परतेक्ष लई बरं दिसता की."

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. ट्रे ठेवता ठेवता तिने पडद्याकडे पाहिलं आणि थांबली. "यात उजेड कुठून येतोय?" तिने विचारलं.

"सगळीकडनं."

"असा कुठं येतो का? आता तुमच्या तोंडावर दारातून येतोय. एक गाल उजेडात आहे, एक अंधारात. आणि लांबून केस एकेक दिसत नाहीत, झुपका दिसतो."

"झुपका ऱ्हायलाय कुठं," चुलते म्हणाले.

कुणी हसलं नाही. तो दाराकडे बघत होता, मग तिच्याकडे बघायला लागला. "जरा हलू नका," म्हणाला, आणि तिच्या गालावरची सावली निरखत बसला. चुलते खाकरले. मुलगी ट्रे न घेताच आत गेली.

परतीच्या वाटेवर राहुरी आली. मावशी म्हणाली, "आजवर सांभाळलंच हाय. आनखी सांभाळीन." तो खिडकीबाहेर बघत होता. "पोरगी बरोबर बोलली," एवढंच म्हणाला. आणि घरी उतरताना मला सांगितलं, की आता दुसरीकडे कुठे बघायचं नाही.

मग त्याने सगळे केस खोडले. दुकानाच्या दारात आरसा टांगला आणि सकाळच्या उन्हात स्वतःकडे बघत पुन्हा सुरुवात केली. तपकिरीच्या छटा मोजक्याच ठेवल्या. उजेड एका बाजूने घेतला, दुसऱ्या गालावर जांभळट सावली दिली. कानावरचे केस एका गडद पुंजक्यात बसवले आणि त्यावर चकाकीची एकच आडवी पट्टी ओढली. ते सुधारलं होतं. कपाळ मात्र होतं तेवढंच मोठं, आणि उजेडामुळे आता जास्तच दिसत होतं. मी सुचवलं, की चित्रात पुढे थोडे केस वाढव, कोण बघायला येतंय.

"तिनं बघितलंय ना पन," तो म्हणाला.

चित्र पूर्ण झालं तेव्हा त्याने मावशीला दाखवलं. तिने हात पदराला पुसले आणि बराच वेळ पाहिलं.

"दमलेला दिसतोस रे ह्याच्यात," ती म्हणाली.

"हायच की."

ती आत गेली. त्याने चित्र काष्टीला पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही.

उत्तर यायला पंधरवडा लागला. चुलत्यांचा निरोप होता: मुलीला स्थळ पसंत आहे, सुपारी फोडायला कधी येताय ते कळवा. चित्राबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्याने मला फोनवर निरोप दोनदा वाचून दाखवला. मागे मावशी कुणाला तरी हाका मारून सांगत होती, ते ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "दादा, म्हंजी केस जमले का न्हाई?"

मी म्हणालो, तिलाच विचार.

सुपारी फुटली आहे. त्याने अजून विचारलेलं नाही.