उपग्रह पडायचा होता त्या दिवशी

बेळगावात आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. कुठल्याशा देशानं कधीकाळी वर सोडलेला एक उपग्रह निकामी होऊन खाली येत होता, आणि तो नेमका कुठं पडणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांच्या मोबाइलवर एक नकाशा फिरत होता. त्यावर तांबड्या रेघा होत्या, आणि त्यातली एक गोव्यावरून घाट चढून आमच्या जोयड्याच्या डोंगरांवरून गेलेली. हा नकाशा कुणी काढला, त्याला काय कळतं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं काय, रानच आहे. पडलं तर पडलं."

मला राग आला. रान म्हटलं की तिथं फक्त झाडं आणि वाघ राहतात, अशी शहरातल्या माणसांची ठाम समजूत असते. मी म्हटलं, त्या रानात माझे आईबाप राहतात. तो ओशाळला आणि चहा सांगायला उठून गेला.

एरवी मी अशा बातम्यांना हसणाऱ्यांतली. समुद्र केवढा, जमीन केवढी, त्यात आमचं पाच घरांचं आवाठ ते केवढं, हे मीच सगळ्यांना समजावून सांगत होते. पण शहाणपण एकीकडं आणि काळीज एकीकडं. गावात फोन लागत नाही; लागला तरी आई "हां, हां" म्हणते आणि तुटतो. शेवटी रजा टाकली आणि गाडीत बसले. कॅसलरॉकला उतरून जीपनं, मग पायवाटेनं, दिवस कलताना घरी पोचले.

आई अंगणात शेणी गोळा करत होती. मला बघून ती उभीच राहिली.

"काय गे, सांगावा न्हाई, काय न्हाई, आलीस ती?"

"बाबा कुठाय?"

"डोंगरातल्या शेताकडं. दुपारीच गेलाय. भात भरत आलंय, डुकरं उतरायलेत. चार दिवस खोपीतच ऱ्हातो म्हणाला."

उपग्रहाचं तिला मी सांगायची गरज नव्हती. तो नकाशा माझ्या आधी गावात पोचला होता. रामनगरच्या बाजारातून कुणीतरी बातमी आणली होती की उद्या दुपारनंतर कधीही आभाळातून जळतं लोखंड पडणार. म्हणून दिवेलागणीला देवीपुढं गाऱ्हाणं होतं.

आमच्याकडं रोगराई आली, जनावरं मरायला लागली, की गावानं मिळून वार पाळायची पद्धत आहे. ठरलेल्या दिवशी कुणी शेतात पाऊल टाकत नाही, कुऱ्हाड उचलत नाही, बैल जुंपत नाही. शीव म्हणजे शीव. आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. लहानपणी मला ते दिवस फार आवडायचे, कारण त्या दिवशी आई घरात सापडायची. लोखंड पडायचं म्हणून वार पाळल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं.

गाऱ्हाणं घालायचा मान गावकाराचा. हा वाकलेला म्हातारा माझ्या आजोबांबरोबर वाढलेला. त्यानं देवीला नारळ दिला आणि वळून सांगितलं, "उद्या उजाडल्यापास्नं दिवा लागंपतोर कुणी शीव वलांडायची न्हाई. एकानं मोडला तर सगळ्यांवर येतंय."

मी पुढं झाले. "आजोबा, माझा बाबा डोंगरात आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

"भायर हाय त्यानं भायरच ऱ्हायाचं, बाय. मोडत न्हाई आमी कुणासाठी. देवीला म्हाईत हाय तो कुठं हाय."

"देवीला माहीत आहे, पण त्याला माहीत नाही ना."

म्हातारा देवीकडं वळला. बाकीच्यांनी मान खाली घातली. बाबाचं वाईट व्हावं असं त्यातल्या एकालाही वाटत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणसांशी भांडता तरी येतं.

सकाळी वार सुरू झाला. आईनं चूल पेटवली, पेज शिजवली, पण तोंडात घास घातला नाही. पुढच्या दाराला जायची, आभाळ बघायची, मागच्या दाराला जायची, डोंगर बघायची. डोंगरातलं शेत म्हणजे उतारावरचं उघडं खाचर. वर गवताची खोप. एरवी मीच म्हटलं असतं की तिथं काय आणि आपल्या कौलाखाली काय, लोखंडाला दोन्ही सारखंच. पण मला राहूनराहून तो एकटा दिसत होता. मान खाली घालून विळ्याला धार लावत बसलेला, आणि वरून काय येतंय याचा पत्ता नसलेला.

मी पेज संपवली तशी आई जवळ येऊन बसली.

"मी गेलो तर गाव बोलंल," ती हळूच म्हणाली. "उद्या कुणाचं वासरू मेलं तरी माझ्या नावानं बोटं मोडतील. तू जा."

"आणि मला नाही बोलणार?"

"तू आता भायरची. बेळगावात ऱ्हातीस. तुला वार लागत न्हाई."

ही युक्ती तिनं रात्रभर जागून काढली असणार. युक्ती चोख होती. पण 'भायरची' हा शब्द माझ्या जिव्हारी लागला, आणि तो तिच्याही लागला असावा, कारण भाकरी बांधून देताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मागच्या दारानं निघाले. शीव ओलांडताना पाय अडखळला, हे कबूल करायला हवं. इतकं शिकून, इतकी वर्षं शहरात राहूनही.

रान त्या दिवशी मुकं होतं. एरवी या वाटेवर कुठं कुऱ्हाड वाजते, कुठं गुरांच्या गळ्यातली घुंगरं. वार असल्यामुळं गुरंसुद्धा गोठ्यात होती. माझीच चप्पल मला ऐकू येत होती. झाडी दाट होती तोवर बरं वाटत होतं. उघड्यावर आले की मान आपोआप वर जायची. आभाळ स्वच्छ निळं होतं आणि मला त्याची भीती वाटत होती. ढग असता तर आडोसा वाटला असता. घामानं अंग निथळत होतं.

खोप रिकामी होती. चुलीतली राख गरम. चहाचं भांडं पालथं घातलेलं, कांबळं दोरीवर. कोयता नव्हता.

"बाबा!"

उत्तर नाही. मी पुन्हा हाक मारली. खालच्या ओहोळाकडं पाला वाजला आणि थांबला. मी त्या बाजूला पळाले, "बाबा, मी आलेय, बाबा" असं ओरडत. पाला पुन्हा वाजला, पण आता आणखी लांब. जे काही होतं ते माझ्यापासून दूर जात होतं. गवा? अस्वल? आणि मग बाबा कुठं? माझ्या मनात नको ते यायला लागलं. त्याला काही झालंय, तो पडलाय, त्याला बोलता येत नाहीय.

तेवढ्यात खालून गडगडाट सुरू झाला. जमीन हादरल्यासारखी वाटली. मी होते तिथं पालथी पडले, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि देवीचं नाव घेतलं. गडगडाट थांबेना. तो हळूहळू वर चढत राहिला, आणि मग त्यात इंजिनाचा भोंगा वाजला. घाट चढणारी मालगाडी होती. जन्मापासून रोज ऐकलेली मालगाडी. मी पाचोळ्यात तोंड खुपसून पडले होते आणि हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

तिथं पडल्यापडल्या मला माझी चूक कळली.

आमच्या रानात कुणाला नावानं किंवा नात्यानं हाक मारत नाहीत. कूक घालतात. तोंडाशी हात धरून लांब 'कूऽऽ', आणि समोरचा तशीच कूक परत देतो. कारण नावानं आणि नात्यानं हाक मारतात ती मेलेली माणसं. त्यांना ओ द्यायची नाही, आवाजाकडं जायचं नाही, जमेल तितकं लांब सरकायचं. आणि तरीही ते समोर आलंच, तर तोंड बघायचं नाही. तोंड ओळखीचंच असतं. पाय बघायचे. ते उलटे असतात. हे सगळं मला बाबानंच शिकवलं होतं, याच ओहोळावर, मी त्याच्या खांद्यावर बसून यायची तेव्हा. बेळगावात हाका मारूनमारून मी ते विसरले होते.

उठले, तोंडाशी हात धरले आणि कूक घातली. आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट आली.

बराच वेळ काहीच नाही. मग ओहोळाच्या पलीकडून, अगदी बारीक, कूक आली.

तो एका खडकाला पाठ लावून बसला होता, कोयता मांडीवर आडवा. डोळे लाल झालेले. मी पाण्यातून चालत गेले तरी तो उठला नाही. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलंच नाही. तो माझ्या पायांकडं बघत होता. मी चप्पल हातात घेतली होती. ओल्या दगडावर माझी पावलं नीट दिसत होती, बोटं पुढं, टाच मागं. ती बघून झाल्यावर त्यानं कोयता बाजूला ठेवला.

"कवा आलीस?" एवढंच म्हणाला.

मी त्याला उपग्रहाचं सांगायला लागले. नकाशा, गाऱ्हाणं, वार. तो मान हलवत राहिला, जणू सगळं ऐकलेलंच होतं. दिवस कलताना आम्ही शिवेपर्यंत आलो. आत जायची सोय नव्हती, म्हणून शिवेच्या दगडाशी बसलो. थोड्या वेळानं, मागच्या दारातून आम्हांला बघून, आई आली आणि दगडाच्या पलीकडच्या अंगाला बसली. तिघंही उघड्या आभाळाखाली, आणि वर बघायला कुणाला सुचलं नाही. मी भाकरी सोडली. बाबानं तुकडा मोडला, पण हातातच धरून ठेवला.

"काल फॉरेस्टचा गार्ड आलता खोपीकडं," तो आईला म्हणाला, मला नव्हे. "लोखंड पडणार म्हणाला. मी म्हटलं, कुठं? रानात न्हाई पडत म्हणाला. मोठ्या शहरावर पडतंय, कवाबी. बेळगाववर."

आईनं माझ्याकडं बघितलं.

"रातभर बसून ऱ्हायलो. फोन न्हाई, काय न्हाई. आनी आज रानात हिचा आवाज आला. बाबा म्हणून."

खाली देवळात दिवा लागला, घंटा वाजली. आई उठली, आम्हीही उठलो. मी चप्पल घालायला वाकले तसा तो म्हणाला, "जरा ऱ्हाऊ दे."

आणि मी अनवाणी शीव ओलांडून आत जाईपर्यंत तो मागं उभा राहून माझे पाय बघत होता.